चावीवाल्याचं रजिस्टर

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला, एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक ब्लॉक रिकामा पडला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे बाल्कनी. मालकांनी तो मुलाच्या लग्नासाठी घेऊन ठेवला होता. मुलगा तेवीस वर्षांचा. लग्न ठरलेलं नाही, मुलगी बघितलेली नाही, पण ब्लॉक तयार. त्याच वेळी घाटकोपरच्या डोंगरावर आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपत होती आणि वहिनीला दिवस गेले होते. ह्याच्यावर मी झणझणीत पत्रक लिहू शकले असते. लिहिलं नाही. कारण त्याच रिकाम्या ब्लॉकात बसून मला अभ्यास करायचा होता.

सी.ए.ची इंटर, पेपरांचे दोन ग्रुप. फोर्टातल्या एका फर्ममध्ये माझं आर्टिकलशिपचं शेवटचं वर्ष चालू होतं. आर्टिकल म्हणजे शिकाऊ, असं कागदावर. प्रत्यक्षात सकाळी साहेबांच्या बायकोची विजेची बिलं भरायची आणि दुपारी कुणाच्या तरी गोदामात बसून व्हाउचरांवर हिरव्या पेन्सिलीने टिक मारत सुटायचं. व्हाउचर बघितलं की टिक. न बघताही टिक, कारण सिनियर म्हणायचा, "आटप गं, गाडी चुकेल." ह्या सगळ्याबद्दल आम्ही पाचसहा आर्टिकल मिळून पत्रकं काढत होतो. स्टेन्सिल मी कापायची, मजकूर बहुतेक माझाच. "ज्याचे हिशेब तपासायचे तोच तपासनीस नेमतो, तोच त्याला पोसतो, आणि तपासनीस म्हणतो सर्व काही ठीक आहे!" असं एक वाक्य मी जाड अक्षरात टाकलं होतं. फार आवडलं होतं मला ते.

घरी स्पष्ट सांगून ठेवलेलं होतं. वडिलांची गिरणी बंद पडलेली, भाऊ एकटा कमावणारा. भाऊ म्हणाला, "एकदा बस. दोन्ही ग्रुप सुटले तर पुढचं बघू. नाही सुटले तर नोकरी धर." त्याचं काही चुकत नव्हतं. फर्मने अभ्यासाची रजा दिली होती, परीक्षा नोव्हेंबरात. म्हणजे रजेचे तीन महिने आणि बसायला जागा, एवढंच मला हवं होतं. रजा होती. जागा ह्या ब्लॉकात होती.

आम्ही चौघं. ज्याच्या बापाचा ब्लॉक तो चावीवाला; चावी त्याच्याच खिशात असायची म्हणून मी मनात त्याला तेच म्हणायचे. दुसरी घाटकोपरचीच, पण खालची, बिल्डिंगमधली. वडील बँकेत ऑफिसर. ही बँकवाली. तिसरा भांडुपचा, सतत काहीतरी चघळणारा. तिघं एकाच क्लासला होते, मी तिथल्या नोट्स मिळवायला म्हणून गेले आणि चिकटले. नोट्सच्या बदल्यात मी त्यांना कॉस्टिंग समजावून सांगायची. मैत्री वगैरे काही नव्हती. कोणी कोणाला डब्यातली भाजीसुद्धा विचारत नसे.

पहिल्या दिवशी चावीवाल्याची आई वर येऊन नियम सांगून गेली. मुली आहेत, तेव्हा बाहेरचं दार सताड उघडं राहील. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. (कोणाचे कपडे? आम्ही काय तिथे आंघोळीला जाणार होतो?) संडासात पाणी नीट टाकायचं. हे शेवटचं ती माझ्याकडे बघून म्हणाली. डोंगरावरची ना मी.

मग शनिवारी वडील आले. एका औषधाच्या कंपनीत अकाउंट्सचे साहेब. हातात लांबोडकं, लाल पाठीचं रजिस्टर. मुलगा दोनदा नापास झाला होता, त्यांना आता कोणाच्या शब्दावर भरवसा नव्हता, कागदावर मात्र होता. रजिस्टरमध्ये रकाने आखलेले: तारीख, विषय, धडा, वाचला, तपासला. प्रत्येक धडा वाचून झाला की दुसऱ्या कोणीतरी त्यावर पाच प्रश्न विचारायचे. पाचातले चार आले तर हिरवी टिक, नाहीतर लाल फुली. शनिवारी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवायचं.

"आणि ह्याचं तपासणार ही," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "हिचं पत्रक वाचलं मी. हिला भीड नाही कोणाची."

खरं सांगते, मी फुलले. अकाउंट्सच्या साहेबाने माझं पत्रक वाचलं होतं!

पहिले दोन आठवडे मी त्या रजिस्टरला जागले. चावीवाला मठ्ठ नव्हता, पण पुस्तक उघडं धरून खिडकीतून खाली क्रिकेट बघायचा, आणि मग म्हणायचा, "झाला धडा." मी विचारायचे.

"व्हाउचिंग आणि व्हेरिफिकेशन, फरक सांग."

"एकच आहे ना. चेकिंग."

"चेकिंग! व्हाउचिंगमध्ये कागद बघायचा. व्हेरिफिकेशनमध्ये ती वस्तू खरंच जागेवर आहे का ते बघायचं. पुस्तकात मशीन लिहिलंय, तर कारखान्यात जाऊन मशीन बघायचं."

"मग तेच बोललो ना मी."

"तू चेकिंग बोललास."

"अगं ए, परीक्षक आहेस का तू माझी?"

"हो. तुझ्या बाबांनी नेमलंय."

लाल फुली. दुसऱ्या दिवशी ब्रँच अकाउंट्स, लाल फुली. तिसऱ्या दिवशी दोन, एकाखाली एक. शनिवारी साहेबांनी रजिस्टर बघितलं. मुलाला घेऊन खाली गेले. सोमवारी आम्ही नऊला पोचलो तर दाराला कुलूप.

साडेनऊ. दहा. जिन्यात बसलो तिघं. समोरच्या ब्लॉकमधली बाई केरसुणी घेऊन आली आणि आमच्या पायांशी झाडत राहिली, उठा असं न म्हणता. साडेअकराला चावीवाला आला, केस विंचरलेले, हातात पेपर.

"कुठे होतास रे?" भांडुपवाला.

"झोपलो होतो. बाबांनी रात्री जाम पकवलं, मग झोप नाही लागली." आणि माझ्याकडे बघून, "फुल्या मोजत होतो."

मंगळवारी अकरा. बुधवारी बारा, आणि बुधवारी तो दार उघडून आत गेला आणि परत बाहेर येऊन म्हणाला, "आज एक वाजताच बंद करणार आहे, मला बाहेर जायचंय." तीन दिवसांच्या तीन सकाळी जिन्यात गेल्या. बँकवाली हिशेबाची पक्की, तिने ह्या वेळात किती गणितं झाली असती ते सांगितलं. चावीवाल्याला नाही सांगितलं, मला सांगितलं.

"टिक कर ना यार त्याला. तुझं काय जातं?"

"येत नसताना?"

"नाही येत तर नाही येत. नापास कोण होणार, तो ना? आमची का वाट लावतेस?"

"त्याचे बाबा—"

"त्याचे बाबा तुझे कोण?" ती इतकी मोठ्याने म्हणाली की जिन्यावर घुमलं. "तुला जायचंय का परत डोंगरावर अभ्यासाला? जा. आम्हाला नाही जायचं."

भांडुपवाला चघळत म्हणाला, "ऑफिसात काय करतेस गं तू? तिथे विचारतेस व्हाउचरला पाच प्रश्न?"

ह्या भांडुपवाल्याला मी तोवर बिनडोक समजत होते.

गुरुवारी नऊला दार उघडं होतं. चावीवाला आत सतरंजीवर बसलेला. त्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "कंपनी लॉ, मीटिंग्ज. वाचलं." मी पेन्सिल उचलली. मीटिंग्जवर पाच प्रश्न मला झोपेतसुद्धा विचारता आले असते. कोरम किती, नोटीस किती दिवसांची. विचारले नाहीत. हिरवी टिक मारली आणि स्वतःचं पुस्तक उघडलं.

त्यानंतर दार रोज नऊच्या आत उघडं. टेबल फॅन आला, आणि तो माझ्याकडे तोंड करून लावलेला असायचा. चहा यायला लागला. चावीवाला माझ्याशी नीट बोलायला लागला, त्याचाच मला जास्त राग यायचा. तो धड्याचं नाव सांगायचा, मी टिक मारायची. कधी कधी तो दुसऱ्या धड्याचं पुस्तक हातात धरून भलतंच नाव सांगायचा. मी टिक मारायची. आणि माझा अभ्यास झकास चालला होता. कॉस्टिंग संपलं, इन्कम टॅक्सची उजळणी सुरू झाली, अकाउंट्सची गणितं वेळ लावून सुटायला लागली. शाळेपासून इतका अभ्यास मी कधी केला नव्हता, कारण इतकी शांतता कधी मिळालीच नव्हती. संध्याकाळी पत्रकांच्या मंडळीकडे जाऊन मी तपासनिसांच्या भित्रेपणावर बोलायचे, ते वेगळंच. जीभ अडखळायची नाही, हे विशेष.

साहेब शनिवारी यायचे, पानं उलटायचे, एकदा मला म्हणाले, "सुधारला. तुझा धाक." मी मान हलवली. ह्या मान हलवण्याची मला आजही शिसारी येते.

मग फॉर्म भरायची शेवटची तारीख आली. तो शनिवार होता. साहेब नेहमीपेक्षा लवकर आले, फॉर्म घेऊनच. सतरंजीवर मांडी घालून बसले. असे ते कधी बसत नसत. रजिस्टर मांडीवर घेतलं, एकेक पान वाचलं. चावीवाला बाल्कनीच्या दारात उभा. मला माहीत होतं, त्याला एकच ग्रुप द्यायचा होता. दोन दिवसांपूर्वी तो भांडुपवाल्याला म्हणाला होता, एक ग्रुप घेतला तर कदाचित सुटेन, दोन घेतले तर दोन्हीकडून मरेन. पण हे बापाला सांगणार कोण? रजिस्टर तर म्हणत होतं की सगळं झालंय.

"हा म्हणतो एकच भरतो," साहेब मला म्हणाले. मुलाला नाही, मला. "इथे तर दोन्ही ग्रुपचे बहुतेक धडे झालेले दिसतात. तूच तपासलंयस. दोन्ही भरू ना?"

हो म्हणायचं होतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत त्यात. हो म्हटलं असतं तर सोमवारी नऊला दार उघडं, फॅन माझ्याकडे, आणि परीक्षेपर्यंतचा दीड महिना माझा. बँकवालीने वहीतून मान वर केली नाही, पण तिचं पेन थांबलं होतं. चावीवाला माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात विनंती होती असं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. खरं तर मला कळलं नाही काय होतं.

मी म्हणाले, "एकच भरा, काका."

"का?"

"टिक्स माझ्या आहेत. पण प्रश्न नाही विचारलेले."

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"कधीपासून?"

"लाल फुल्या जिथे संपतात तिथपासून."

त्यांनी ते पान शोधलं. बोटाने रकाना खाली उतरत गेले, पान उलटलं, पुढचं उलटलं. मग विचारलं, "ह्यातलं ह्याला काहीच येत नाही?"

"माहीत नाही. येतही असेल. मी विचारलंच नाही."

"मग इतके दिवस तू इथे काय करत होतीस?"

"अभ्यास," मी म्हणाले. "माझा."

त्यांचा चेहरा लाल वगैरे झाला नाही. ऑफिसातला माणूस. रजिस्टर बंद केलं, फॉर्म काढला, मुलाला हाक मारली. "ये, सही कर. दोन्ही ग्रुप."

"बाबा, ती सांगतेय ना—"

"ती काय सांगते ते मी ऐकलं. सही कर."

त्याने केली. तिथे, फरशीवर वाकून. आणि मला वाटतं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "काका, मग विचारलंत कशाला? खरं ऐकायचंच नव्हतं तर रजिस्टर कशाला ठेवलंत?"

"तू बोलू नकोस," ते म्हणाले. "माझ्या घरात बसून, माझ्या पंख्याखाली, मला फसवलंस. सोमवारपासून येऊ नकोस."

"एकटी फसवत नव्हते. हा तीन दिवस वेळेवर दार उघडत नव्हता म्हणून—"

"तुझ्या पत्रकात लिही."

मी बँकवालीकडे बघितलं. ती गणित सोडवायला लागली होती. भांडुपवाल्याने माझी कॉस्टिंगची वही, जी त्याच्याकडे होती, हळूच सतरंजीवरून माझ्याकडे ढकलली. मी पिशवी भरली. जिना उतरताना मला अशी वाक्यं सुचत होती की एकेका वाक्याचं एकेक पत्रक झालं असतं. खाली पोचेपर्यंत एकच गोष्ट उरली: सोमवारी बसायचं कुठे?

आधी ऑफिसात गेले. फर्मच्या साहेबांना म्हटलं, रजेवर आहे पण एक कोपरा द्या, नुसती बसेन. साहेब म्हणाले, "अवश्य! सकाळी जरा पतपेढीचं ऑडिट उरकून टाक, दुपारी वाच." दोन दिवसांत दुपार झालीच नाही. तिसऱ्या दिवशी गेले नाही.

आई म्हणाली, "काय गो, जावक नाय आज? खोली गेली? गेली तर गेली. हय बस, हय काय वाघ खाता तुका?" आणि तिने पाण्याच्या पिंपामागची जागा रिकामी करून दिली. वाघ नव्हता. नळाची रांग होती, शेजारचा रेडिओ होता, वहिनीच्या उलट्या होत्या, आणि वडील, जे बिचारे मला त्रास नको म्हणून दिवसभर बाहेर नाक्यावर उभे राहायचे आणि दर तासाला आत येऊन विचारायचे, "मी आहे त्याचा त्रास नाही ना होत?" शाळेच्या व्हरांड्यात बसले तर शिपायाने उठवलं. देवळात बसले तर एक म्हातारा रोज शेजारी येऊन विचारायचा, इन्कम टॅक्स म्हणजे नक्की काय, मला भरावा लागेल का. त्याच्याकडे भरण्यासारखं काही नव्हतं, पण त्याला खात्री करून हवी होती.

एका रविवारी बँकवाली आमच्याकडे चढून आली. डोंगर चढून! घाम पुसत उंबऱ्यात उभी. टॅक्सच्या नोट्स हव्या होत्या.

"तिकडे कसं चाललंय?" मी विचारलं.

"ठीक."

"रजिस्टर?"

"आहे ना. आता मी तपासते."

"विचारतेस त्याला?"

"येडी आहेस का तू?" ती म्हणाली. आवाजात लाज नव्हती, राग होता. "दार उघडतं ना नऊला. काका शनिवारी बघतात, सही करून ठेवतात. त्यांना पण माहितीये गं. सगळ्यांना माहितीये. तुलाच काय ती हौस."

मी तिला नोट्स दिल्या नाहीत. आईने चहा दिला, तो तिने प्यायला, आणि गेली. आई म्हणाली, चांगली पोर होती, नोट्स देवच्यो होत्यो ना. मी आईवर ओरडले.

परीक्षा दिली. पहिल्या ग्रुपचे पेपर बरे गेले. ते सगळं मुलुंडला झालेलं होतं. दुसऱ्या ग्रुपची अर्धी उजळणी पिंपामागे झालेली, ती पेपर हातात आल्यावर लगेच कळली. कॉस्टिंगच्या पेपरात एक गणित होतं जे मी त्या तिघांना दोनदा समजावून सांगितलं होतं. माझंच चुकलं.

निकालाच्या याद्या काचेच्या फळ्यावर लावल्या त्या दिवशी गर्दी होती. बँकवालीचे दोन्ही ग्रुप सुटले होते. ती कोणाला तरी मिठी मारत होती आणि मला बघून न बघितल्यासारखं केलं. भांडुपवाल्याचा एक. चावीवाला फळ्यापासून लांब भिंतीला टेकून उभा होता, म्हणजे त्याचं बघून झालं होतं. मी त्याला टाळून जाणार होते, पण त्यानेच हाक मारली.

"दोन्ही गेले," तो म्हणाला. "झालं समाधान?"

"मी एकच भरा म्हणाले होते."

"म्हणालीस. कधी म्हणालीस? फॉर्म हातात असताना. एवढी खरं बोलणारी होतीस तर आधी महिनाभर काय झालं होतं?"

"आधी दोन आठवडे फुल्या मारल्या ना मी. तू काय केलंस? कुलूप घातलंस."

"घातलं."

"पुढेही फुल्या मारल्या असत्या तर चावी आणली असतीस?"

त्याने बसच्या रांगेकडे बघितलं.

"नसती आणली," तो म्हणाला. "तुम्हाला तिघांना हाकललं असतं मी. एकटा बसलो असतो त्या ब्लॉकात, बाबांशी भांडत." मग म्हणाला, "वाचलं असतं मात्र. तुला शिव्या घालत वाचलं असतं."

"आणि मी कुठे वाचलं असतं?"

"ते मला काय माहीत?" तो चिडून म्हणाला. "ते मी का बघायचं?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि चांगलं लांबलचक होतं. कोणी बघायचं, का बघायचं, सगळं. तो थांबला नाही. बसची रांग हलायला लागली होती, तो पळत गेला. मी पहिल्या ग्रुपच्या यादीत माझा नंबर बघितला होता. दुसऱ्या ग्रुपची यादी अजून बघायची राहिली होती. गर्दीतून पुढे घुसले, बोट काचेवर ठेवलं आणि वरून खाली नंबर वाचत आले. माझ्या आधीचा होता. माझ्या नंतरचा होता. मी परत वरून सुरुवात केली.